शालोमकाकांची गाडी आणि माझं पॉलिश

लाकडाला पॉलिश करायला अक्कल लागत नाही, असं वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. नंतर ते बदललं. बदलायला जेमतेम आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी एका मोटारीची जी काही दशा केली, ती रोह्यात अजून लोक एकमेकांना सांगतात. त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. (तिखटमीठ मलाही लावता येतं.)

नव्वद साल उलटून गेलं होतं. मी पेणला राहायचो आणि रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपरचं काम काय, तर रंग, वार्निश, थिनर, स्पिरिट यांचे डबे सही घेऊन लोकांच्या हातात द्यायचे. डबा उघडायचा माझा काही संबंध नाही. पण सहा वर्षं डब्यांवरची लेबलं वाचून वाचून आतलंही सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत झाली होती.

सासुरवाडी रोह्याचीच. सासऱ्यांना सगळं गाव 'भाऊ' म्हणायचं. त्यांची पोह्यांची गिरण होती. माणूस उंचापुरा, मिशाळ, आणि बोलणं इतकं बेताचं की दिवसाला पाच-सहा शब्दांत भागायचं. मी नंदाला मागणी घालायला गेलो तेव्हा सगळं ऐकून घेऊन ते नुसतं "बरं" म्हणाले होते. तो होकार की नकार, हे कळायला आमच्या घरच्यांना आठवडा लागला होता!

तर या भाऊंच्या गिरणीमागच्या शेडमध्ये एक जुनी विलायती मोटार होती. काळी, गोल पाठीची, बीटल किड्यासारखी गुबगुबीत. वळताना दिवा लागायच्या ऐवजी दाराजवळून एक छोटा बाण टुणकन बाहेर यायचा. गाडी मुळात भाऊंची नव्हतीच. त्यांचे जिवलग दोस्त शालोमकाका यांची. शालोमकाका म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात मराठी, जेवणात नारळ आणि शनिवारी कामाला सुट्टी. पंचवीस वर्षांपूर्वी बायकोला, मिर्यमकाकूंना, घेऊन ते इस्रायलला गेले, तेव्हा जाताना त्यांनी किल्ली भाऊंच्या हातात ठेवली होती. "मी येईन तवा बघीन. हाय तशी ठेव," एवढंच म्हणाले होते.

भाऊंनी ती खरोखरच होती तशी ठेवली. रोज पुसायची, आठवड्यातून दोनदा पुलापर्यंत फिरवून आणायची. शनिवारी मात्र कधीही बाहेर काढायची नाही. का, तर गाडी शालोमची, तिला शनिवारी सुट्टी!

आणि एक दिवस पत्र आलं. शालोमकाका येतायत. पुढच्या रविवारी.

त्याच्या आधीच्या रविवारी मी सासुरवाडीला जेवायला गेलो होतो. घरात नुसती धांदल. माई, म्हणजे सासूबाई, मसाले कुटत होत्या. भाऊ गाडीला इतकं घासत होते की आणखी थोडा वेळ घासली असती तर ती पारदर्शक झाली असती. मीही उत्साहाने आत डोकावलो. सगळं झकास होतं, फक्त समोरची डॅशबोर्डाची लाकडी फळी तेवढी काळवंडली होती. वार्निशचे पोपडे सुटलेले, मधेच भेगा, कुठे चहाच्या कपाचं कडं.

"भाऊ," मी म्हणालो, "एवढी फळी मी करून देतो. आरशासारखी! काका तोंड बघून भांग पाडतील."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग फळीकडे बघितलं.

माई आतून म्हणाल्या, "अवो, सुताराला सांगा की. त्यांना कशाला तरास?"

झालं! सुताराचं नाव निघाल्यावर माझ्यातला स्टोअरकीपर खवळला. "माई, सुताराला वार्निश कोण देतं? मी देतो!"

भाऊ म्हणाले, "बरं."

जेवण झाल्याबरोबर मी पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत शिरलो. फळी काढायला स्पीडचं घड्याळ, पेट्रोलचा काटा आणि सगळी बटणं सोडवावी लागली. मागून वायरींचा गुंता लोंबायला लागला, सगळ्या वायरी जुन्या होऊन एकजात काळ्या. पण मी कच्च्या गुरूचा चेला नव्हतो! प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी लावली. 'दिवे', 'वायपर', 'हॉर्न', 'बाण डावा', 'बाण उजवा'. डिंक नव्हता, म्हणून माईंकडून भाताची खळ मागून घेतली. अक्षर इतकं सुरेख काढलं की स्वतःचंच कौतुक वाटलं.

काम पेणला घरी निवांत करावं म्हणून फळी चादरीत गुंडाळून एस्टीत चढलो. कंडक्टरने चादरीला बोट लावलं.

"काय हाय ह्यात?"

"मोटारीचा डॅशबोर्ड."

"आणि मोटार कुठं हाय?"

"रोह्याला."

"म्हंजे थोडी थोडी करून नेताय काय?"

सगळी एस्टी हसली. वाटेतलं गडब गाव येईपर्यंत शेवटच्या सीटवरच्या माणसालाही कळलं होतं की पुढे एकजण मोटार सुटी करून पेणला नेतोय. मी मात्र खिडकीबाहेर शांतपणे बघत होतो. थोर कामाच्या सुरुवातीला लोक हसतातच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, पडवीत पाट मांडला आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. घासू लागलो. जुनं वार्निश पिठासारखं उडायला लागलं आणि खालून काय लाकूड निघालं म्हणता! अक्रोडाचं, मधासारखं, त्यात लाटांवर लाटा. मी हर्षाने वेडा झालो. "नंदा, बाहेर ये! नंदा, हे बघ!" तिने येऊन बघितलं. "छान आहे. आता पुरे," म्हणाली. तिथे थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती.

पण चहाच्या कपाचं ते कडं! ते जाईना. मी जाड पेपर घेतला. जोर लावला. कडं फिकं झालं. आणखी जोर लावला. आणि अचानक त्या मधासारख्या रंगात एक पांढुरकं बेट उगवलं. मला वाटलं, भुसा आहे. फुंकर मारली. बेट तिथंच. ओल्या फडक्याने पुसलं. बेट मोठं दिसायला लागलं!

मग शेजारचे सुतार आले, त्यांनी बोटाने चाचपलं आणि कपाळाला हात लावला. "अहो साहेब, हे सगळं अक्रोड नव्हं. वर कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलाय, खाली साधं लाकूड हाय. तुम्ही पापुद्रा पार खाल्लात!"

"मग आता?"

"आता काय? असा पापुद्रा विलायतेतनं आणा."

शालोमकाका सहा दिवसांवर आले होते. विलायत त्याहून लांब होती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पंचवीस वर्षं त्या माणसाने दोस्ताची गाडी होती तशी ठेवली, आणि मी एका दिवसात! सकाळी नंदा म्हणाली, "रडून काय होणार? पेणमध्ये राहता ना? रंगकामाला माणसं कमी आहेत का इथे?"

खरंच की! सगळ्या मुलखाला गणपती पुरवणारं आमचं गाव. मी फळी काखेत मारून तडक मूर्तिकार गजाभाऊंच्या कारखान्यात गेलो. श्रावण चालू, गणपती तोंडावर आलेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला सोंड होती पण रंग नव्हता, कुणाला रंग होता पण डोळे नव्हते. डोळ्यांची आखणी करायची ती गजाभाऊंनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

"या बेटावर लाकडाच्या रेषा रंगवता येतील का?" मी विचारलं.

गजाभाऊंना रागच आला. "अहो, मी मातीचा देव करतो. लाकडाचं लाकूड करायला काय लागतं? ठेवून जा. पण एक सांगतो, नुसतं बेट रंगवलं तर ठिगळ दिसेल. सगळी फळी रंगवतो. वरून क्लिअर वार्निश मारून देतो, मग बाप आला तरी पुसणार नाय."

हे शेवटचं वाक्य ऐकून तेव्हा मला फार धीर आला होता.

पुढचे चार दिवस मी हवेत होतो. शुक्रवारी संध्याकाळी फळी घेऊन आलो. गजाभाऊंनी स्वतः वर्तमानपत्रात बांधून दिली होती. घरी येऊन दिव्याखाली सोडली. काय ती चमक! काय त्या तपकिरी लाटा! अस्सल लाकडाने खाली मान घालावी!

नंदाने फळीकडे वाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, "अहो, ही आपल्याकडे बघतेय."

"कोण?"

"फळी."

मी नीट बघितलं. लाकूड म्हटलं की गाठी आल्या. गजाभाऊंनी मन लावून नऊ गाठी काढल्या होत्या. आणि त्या नऊही गाठी लांबट, कडेला निमुळत्या, मध्ये काळंभोर बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका... नऊ डोळे! शांत, प्रेमळ, पापण्या किंचित मिटलेले. मी डावीकडे सरकलो, ते डावीकडे आले. मी उजवीकडे सरकलो, ते उजवीकडे आले.

तसाच धावत कारखान्यात गेलो. "गजाभाऊ, हे काय केलंत?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "अरेच्चा! अहो, चार महिने दुसरं काय काढतोय मी? गाठ आली की गोल येतो, गोल आला की हात आपोआप फिरतो."

"अहो, पण भुवया? लाकडाच्या गाठीला भुवया कुठे असतात?"

"भुवईशिवाय डोळा उघडा वाटतो हो," गजाभाऊ गंभीरपणे म्हणाले. "पण भाव बघा. कसा प्रसन्न उतरलाय!"

पुसायचा प्रश्नच नव्हता. बाप आला तरी पुसणार नव्हता.

शनिवारी दुपारी नंदाला आणि फळीला घेऊन रोह्याला पोचलो. भाऊ वामकुक्षी करत होते. तेवढ्यात गुपचूप फळी बसवून टाकावी म्हणून शेडमध्ये शिरलो आणि गाडीत वाकून बघतो तर काय, वायरी होत्या, चिठ्ठ्या नव्हत्या! गिरणीतले उंदीर पोह्यांवर पोसलेले. त्यांना भाताची खळ म्हणजे सणच! एका वायरीला तेवढा 'बाण' एवढा तुकडा राहिला होता, डावा की उजवा ते उंदरांनाच ठाऊक. बाकी 'दिवे', 'वायपर', 'हॉर्न' सगळं पोटात.

मी देवाचं नाव घेतलं आणि अंदाजाने वायरी जोडल्या. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं! दिव्याचं बटण ओढलं, दिवे लागले! मला आनंदाने नाचावंसं वाटलं. वायपर लावून बघितला नाही, कारण पाऊस नव्हता. हॉर्न वाजवून बघितला नाही, कारण भाऊ झोपले होते.

भाऊ उठले, चहा प्यायले आणि शेडमध्ये आले. दार उघडून आत बघितलं. नऊ डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ दोन्ही बाजूंनी कोणी पापणी हलवली नाही. मग भाऊ दार लावून, एक शब्दही न बोलता, घरात निघून गेले. त्यांचं ते 'बरं'सुद्धा नाही! 

रविवारी दहाच्या सुमाराला शालोमकाका आले. ठेंगणे, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. एकटेच. मिर्यमकाकू दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारल्या होत्या. भाऊंनी आणि त्यांनी एकमेकांना मिठी मारली. मग काकांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "काय गो वहिनी, सोलकढी केलीस ना? आणि माझी गाडी कुठं हाय?"

आम्ही सगळे शेडकडे निघालो. मी सगळ्यांत मागे. काका पुढच्या सीटवर बसले आणि समोर बघून एकदम थबकले.   

"हे कुणी केलं?"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. कपाचं कडं, पापुद्रा, गजाभाऊ, सगळं. "काका, माझी चूक झाली. तुमची आठवण मी घासून टाकली."

काका ऐकत होते की नव्हते कोण जाणे. ते फळीच्या खालच्या कडेला, आतल्या अंगाने बोटं फिरवत होते. काहीतरी शोधत होते. एकदम बोटं थांबली.

"हाय!" ते म्हणाले. "अरे, हाय! बघ इथं!"

मी वाकून बघितलं. फळीच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, केसांच्या पिनेने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं होती. 'मिर्यम'.

"गाडी घेतली त्या दिवशी कोरलं होतं तिनं," काका म्हणाले. "मी केवढा वराडलो होतो! म्हणाली, गाडी तुमची, पण फळी माझी." ते हसत होते आणि डोळे वाहत होते. "जावईबापू, वरून सगळं खरवडलंत, मग हे कसं सोडलंत?"

खरं सांगणं भाग होतं. "काका, खालची बाजू कोण बघणार म्हणून मी तिथे हातच लावला नाही."

"आळशीपणा!" काका ओरडले. "अरे, देव तुझं भलं करो! असाच आळशी राहा!" मग त्यांनी पुन्हा समोर बघितलं. "आमच्यात मूर्ती चालत नाय बरं का. पण हे तर नुसते डोळे हायत. आणि बघतायत पण कसे, मायेनं! चल रे, काढ गाडी. मला गाव बघायचंय."

भाऊ चालवायला बसले, शेजारी काका. मागे माई, नंदा आणि मध्ये अंग चोरून मी. गाडी रस्त्याला लागली आणि मोठी सर आली. समोर काही दिसेना. भाऊंनी वायपरचं बटण ओढलं.

भोंऽऽऽऽऽ!

भाऊ दचकले. बटण आत ढकललं. भोंगा बंद. पण काचेवर पाण्याचा पडदा! पुन्हा ओढलं. भोंऽऽऽऽऽ! भाऊंनी घाबरून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला आणि वायपर एकदा सपकन फिरला.

"थांबा!" मी मागून ओरडलो. "कळलं! हॉर्न दाबला की काच पुसते!"

"आणि वायपर लावला की?" नंदाने विचारलं.  गडबडीत भाऊंनी बटण असं काही जोरात ओढलं होतं की ते आता बाहेरच अडकून बसलं. भोंगा चालूच! भाऊ एका हाताने वळवतायत, दुसऱ्या हाताने काच पुसायला हॉर्न दाबतायत, वळायचं डावीकडे आणि बाण निघतोय उजवीकडे. असे आम्ही बाजारपेठेत शिरलो.

बाजारातले लोक दुकानांतून बाहेर आले. कुणाला वाटलं मंत्री आला, कुणाला वाटलं आगीचा बंब. छत्र्या घेऊन माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली. आणि मग एका म्हाताऱ्या शिंप्याने डोळे बारीक केले, गाडी बघितली, आतला माणूस बघितला, आणि पावसातच धावत आला.

"शालोमशेठ! अहो, शालोमशेठ की हो!"

"दामू? अरे, तू हायस अजून?"

मग काय! कुणी हाका मारतंय, कुणी काचेवर थापा मारतंय. एकजण पोह्यांची पिशवी आत ढकलतोय. भाऊंनी गाडी बंद केली, पण बटणाने चालणारा भोंगा काही बंद होईना. त्या गोंगाटात काका खाली उतरले आणि पंचवीस वर्षांनी एकेकाचे हात हातात घेत सुटले. आठ दिवस हिंडून भेटली नसती तेवढी माणसं त्यांना दहा मिनिटांत भेटली. "बघ," काका माझ्या कानात ओरडले, "सगळ्या रोह्याला कळवलंस मी आलो ते!"

मी नुसता फुलून गेलो. आणि त्याच वेळी भोंगा हळूहळू खाली येत येत, रेडकासारखा एकदा रडून, बंद पडला. बॅटरी संपली होती. किल्ली फिरवली, गाडी ढिम्म.

गर्दीतल्या एका आजीने दारातून आत डोकं घातलं आणि ती दोन पावलं मागे झाली. "अगो बाय! भाऊ, गाडीला एवढे डोळे कशापायी काढलेत हो?"

 भाऊंनी मिशीवरचं पाणी पुसलं. शांतपणे म्हणाले,

"काम करणाऱ्याला एकपण नव्हता, म्हणून."

आधी काका हसायला लागले. मग दामू शिंपी, मग माई, मग सगळी बाजारपेठ. भाऊ स्वतः स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते आणि नंदाने तर डोळ्यांना पदर लावला होता. मी आपला मुकाट खाली उतरलो आणि गाडीला मागून खांदा दिला. हसून हसून ढकलायचं बळ दुसऱ्या कोणाच्याच अंगात उरलं नव्हतं. त्यामुळे सासरा, सासू, बायको आणि पाहुणा अशी चार माणसं आत बसवून, भर पावसात, पार गिरणीपर्यंत ती मोटार मी एकट्याने ढकलत नेली. जावयाचा मान म्हणतात, तो हाच असावा!